पुस्तक रेंगाळते, ते नेमके कोणत्या पानावर?

प्रश्नकर्त्यांनी गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या सहा पुस्तकांवरची आपली टिपणे पाठवली आहेत. साहित्याचा अभ्यास नसलेल्या, केवळ आवड म्हणून वाचणाऱ्या माणसाच्या मतांना काही किंमत असते का, आणि असेल तर ती मते अधिक नेमकी कशी करावीत, असे त्यांनी विचारले आहे. टिपणे थोडक्यात अशी आहेत: एका घराण्याच्या तीन पिढ्यांची कादंबरी, ‘मध्ये रेंगाळते, दुसऱ्या पिढीपासून लक्ष उडाले’, एक रहस्यकथा, ‘शेवट फसवा’, एक अनुवादित कादंबरी, ‘लेखकाची भाषा बोजड’, कौशल्य कसे कमवावे यावरचे एक लोकप्रिय पुस्तक, ‘उत्तम, डोळे उघडणारे’, एक आत्मचरित्र, ‘प्रामाणिक’, आणि महाभारतातील व्यक्तिरेखांवरचा एक लेखसंग्रह, ‘माहितीपूर्ण, पण कादंबरीची मजा नाही’.

प्रकाशनासाठी आलेली हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय देणे हे माझे गेल्या २२ वर्षांचे काम आहे. या कामात शिरलो तेव्हा मीही अगदी अशाच शब्दांत लिहीत असे. आमच्या ज्येष्ठ संपादक बाई माझा अभिप्राय वाचताना ‘कंटाळवाणे’, ‘कृत्रिम’, ‘उत्कट’ अशा प्रत्येक शब्दाशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहीत: ‘कोठे?’ पहिल्या अभिप्रायावर असे ११ ‘कोठे?’ होते आणि त्यांपैकी ९ ठिकाणी मला उत्तर देता आले नव्हते. पुस्तक मिटताना मनात राहिलेली चव मी लिहिली होती, ती कशाने आली हे पाहिलेच नव्हते. तुमच्या सहा टिपणांपैकी एकाच टिपणात ‘कोठे?’चे उत्तर आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ‘दुसऱ्या पिढीपासून’.

म्हणून तेथूनच सुरुवात करतो. ‘रेंगाळते’ हा शब्द वाचक किमान तीन वेगवेगळ्या अनुभवांसाठी वापरतात. पहिल्यात, आपण प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग लेखक पुन्हा सांगतो. मुलगा घर सोडण्याचे ठरवतो, हा प्रसंग आपण दहा पाने वाचलेला असतो. पुढच्या प्रकरणात त्याची बहीण तीच हकिकत शेजारणीला सांगते, आणि त्यानंतर तोच मजकूर वडिलांना आलेल्या पत्रात येतो. बहिणीच्या सांगण्यातून बहिणीविषयी काही नवे कळले तर ती पुनरुक्ती नसते, पण बहुधा कळत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रसंग नवे असतात, मात्र कोणाचेच काही पणाला लागलेले नसते. माणसे येतात, बोलतात, जातात, आणि प्रकरण संपताना ती जेथे होती तेथेच असतात. तिसरा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण त्यात एकेक पान सुटे वाचले तर चांगले असते आणि बिघाड पानांच्या वाटणीत असतो.

पिढ्यांच्या कादंबऱ्यांत हा तिसरा प्रकार मी फार वेळा पाहिला आहे. पहिली पिढी लेखकाने घरात ऐकलेल्या गोष्टींवरून उभी केलेली असते. त्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या, नको ते गळून पडलेल्या असतात, त्यामुळे पन्नास वर्षे शंभर पानांत सहज बसतात. दुसरी पिढी लेखकाने स्वतः पाहिलेली असते, आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टीतले काय गाळावे हे कोणालाच सुचत नाही. मग दहा वर्षांना दोनशे पाने लागतात. वाचकाला मात्र पहिल्या भागाच्या गतीची सवय झालेली असते. त्याला चालत्या गाडीने एकाएकी ब्रेक लावल्यासारखे वाटते. हे तपासायला विद्वत्ता लागत नाही. कागदावर प्रत्येक प्रकरणाची पाने आणि त्यात सरलेली वर्षे, असे दोन रकाने मांडावेत. हस्तलिखितावर मी आजही हे करतो, आणि ज्या ठिकाणी माझे लक्ष उडाले होते ते ठिकाण बहुतेक वेळा या रकान्यांत उघडे पडते.

बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नव्हे, कारण याच शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. एका कादंबरीचे हस्तलिखित मी प्रवासात आणि कामांच्या मधल्या फटींत, पंधरा-वीस पानांच्या तुकड्यांत, ११ दिवस वाचत होतो. प्रत्येक प्रकरण एकाच खोलीच्या वर्णनाने सुरू होत होते, आणि चौथ्या-पाचव्या वेळी मी वैतागून ‘रेंगाळते, पुनरुक्ती’ असे लिहून ते परत पाठवण्याची शिफारस केली. काही वर्षांनी ती कादंबरी दुसरीकडून प्रसिद्ध झाली, आणि मी ती दोन बैठकांत वाचली. खोली तीच होती, पण प्रत्येक वर्णनात एक वस्तू कमी होत होती. घर हळूहळू विकले जात होते, आणि निवेदक ते एकदाही बोलून दाखवत नव्हता. अकरा दिवस तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्याला ती गेलेली वस्तू दिसणे शक्यच नव्हते. तेव्हापासून अभिप्रायाच्या माथ्यावर मी पुस्तक किती बैठकांत वाचले ते लिहितो, आणि तुम्हीही टिपणात ती एक ओळ घालावी, असे सुचवतो. दोष लेखकाचा की आपल्या वाचण्याचा, हा निवाडा निदान स्वतःपुरता तरी मग करता येतो.

रहस्यकथेविषयी तुम्ही ‘शेवट फसवा’ असे लिहिले आहे. वाचकाला फसवणे हेच रहस्यकथेचे काम असल्यामुळे ही तक्रार आहे की शाबासकी, ते त्या दोन शब्दांवरून कळत नाही. फसवणुकीत जो भेद पाहायचा तो असा: खुनी ओळखण्यासाठी लागणारा दुवा पुस्तकात तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलेला होता आणि तुमचे लक्ष दुसरीकडे वळवले गेले, की तो दुवा लेखकाने स्वतःच्या खिशात ठेवून शेवटच्या प्रकरणात काढला? रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांत गुप्तहेराने सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, असा एक नियम आहे. ते नियम थोडे गमतीने लिहिलेले होते आणि चांगल्या लेखकांनी ते मोडलेलेही आहेत. पण वाचकाला आपल्या नाराजीचे कारण सापडायला हा एक नियम पुरेसा आहे. शेवट कळल्यावर मागे जाऊन पहिली पन्नास पाने पुन्हा चाळावीत. ‘अरेच्चा, हे तर येथेच लिहिले होते’ असे किमान एकदा झाले, तर लेखक तुमच्याशी सचोटीने खेळला आहे आणि तुमचा राग हरलेल्याचा राग आहे. तसे एकदाही झाले नाही, तर ‘फसवा’ हा शब्द बिनदिक्कत ठेवावा.

अनुवादित कादंबरीच्या टिपणात मला तुम्हाला थांबवावेसे वाटते, कारण ‘लेखकाची भाषा बोजड’ असे लिहिताना तुम्ही ज्या लेखकाचे एकही वाक्य वाचलेले नाही त्याच्यावर ठपका ठेवत आहात. तुम्ही वाचलेली वाक्ये अनुवादकाची आहेत. बोजडपणा मूळचा की अनुवादातला, हे मूळ भाषा न येताही बऱ्याच अंशी ओळखता येते. समजा, वाक्य असे आहे: ‘तो त्याचे हात त्याच्या खिशांत घालून उभा होता.’ मराठी माणूस ‘तो खिशात हात घालून उभा होता’ असे म्हणतो. हात कोणाचे आणि खिसा कोणाचा, हा प्रश्न मराठीत उद्भवतच नाही. हे ‘त्याचे’ आणि ‘त्याच्या’ इंग्रजीतून चालत आलेले आहेत. दुसरे उदाहरण थोडे अधिक फसवे आहे. ‘तिने सांगितले की ती आजारी होती’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे, पण त्याचा मराठीत होणारा अर्थ असा, की ती पूर्वी केव्हातरी आजारी होती आणि आता बरी आहे. सांगताना ती आजारीच असेल, तर मराठी ‘आपण आजारी आहोत, असे तिने सांगितले’ म्हणते, कारण बोलणाऱ्याचा काळ आपण बदलत नाही. इंग्रजी बदलते. अनुवादक ही गोष्ट विसरला, की कथेतील घटनांचा क्रमच वाचकाच्या मनात डळमळू लागतो आणि त्याला उगाच वाटत राहते की, आपले काहीतरी वाचायचे राहून गेले. तुमच्या प्रतीतली कोणतीही पाच पाने उघडून अशी वाक्ये शोधा. ती भरपूर सापडली, तर बोजडपणा वाटेत आलेला आहे. ती नसतील, आणि तरीही वाक्ये लांबलचक, वळणावळणांची आणि एका विचारात दुसरा विचार गुंतवणारी असतील, तर कदाचित लेखकच तसा लिहिणारा असेल आणि अनुवादकाने निष्ठेने ते सांभाळले असेल. मग ती भाषा तुम्हाला मानवली नाही असे म्हणावे, ती बोजड आहे असे नव्हे.

ललितेतर पुस्तकांबाबत वाचक एक वेगळीच चूक करतो, आणि ती निंदेत होत नाही, स्तुतीत होते. कादंबरी ‘उत्तम’ म्हटली तर त्यात धोका काही नाही. कौशल्यावरच्या पुस्तकाला तुम्ही ‘डोळे उघडणारे’ म्हणता तेव्हा मात्र त्यातील विधाने खरी आहेत, असेही नकळत म्हणत असता. तुम्ही टिपणात एक वाक्य उतरवून घेतले आहे: कोणत्याही क्षेत्रात प्रावीण्यासाठी १०,००० तासांचा सराव लागतो. हा आकडा सर्वदूर पसरला तो मुख्यतः लेखक माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकामुळे. त्याचे मूळ आहे मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, जो बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर होता. त्यांतील सर्वोत्तम गटाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकट्याच्या सरावाची सरासरी १०,००० तासांच्या आसपास येत होती. सरासरी, म्हणजे त्या सर्वोत्तम गटातले कितीतरी जण तिच्या खाली होते. एरिक्सन यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात हे स्वतःच स्पष्ट केले आहे. शिवाय विसाव्या वर्षी ते विद्यार्थी होते, सिद्धहस्त कलावंत झालेले नव्हते. अभ्यास केलेल्या माणसाने एका गटाची सरासरी सांगितली, आणि दोन-तीन पुस्तकांचा प्रवास करून तुमच्यापर्यंत येईपर्यंत तो जगातल्या यच्चयावत माणसांना लागू असलेला नियम झाला.

यासाठी तुम्ही मूळ शोधनिबंध वाचायला हवा होता, असे माझे म्हणणे नाही. वाचकाने तेवढे करावे अशी अपेक्षा ठेवली तर वाचनच बंद पडेल. पण पुस्तकातले एक विधान, जे तुम्हाला सर्वांत आवडले आणि जे तुम्ही दुसऱ्याला सांगणार आहात तेवढेच एक, निवडून त्याच्यापाशी तळटीप आहे का, ती कोठे नेते, आणि तेथे खरोखर तसेच लिहिले आहे का, एवढे पाहावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. पुस्तकाच्या प्रथमावृत्तीचे वर्षही पाहावे, पुनर्मुद्रणाचे नव्हे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांच्या २०११ च्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मध्ये, नकळत डोळ्यांखालून गेलेले शब्द आपले वागणे बदलतात असे सांगणारे एक प्रकरण आहे. पुढे त्या प्रकारचे अनेक प्रयोग पुन्हा करून पाहता टिकले नाहीत, आणि २०१७ मध्ये काहनेमन यांनी उघडपणे मान्य केले, की पुरेशा मोठ्या नसलेल्या प्रयोगांवर आपण नको तितका विश्वास टाकला. नोबेल मिळवलेल्या माणसाची ती कबुली मला त्या प्रकरणापेक्षा अधिक शिकवून गेली, हे मात्र खरे. प्रती आजही विकल्या जातात, आणि प्रकरण त्यांत जसेच्या तसे वाचायला मिळते. असे पुस्तक उत्तम लिहिलेले आहे हे मत आणि त्यातले अमुक प्रकरण आता आधाराला घेऊ नये हे मत, दोन्ही एकाच टिपणात सुखाने राहू शकतात.

आत्मचरित्राला तुम्ही ‘प्रामाणिक’ म्हटले आहे, आणि कारण दिले आहे की लेखकाने स्वतःच्या चुका लपवलेल्या नाहीत. चुका कबूल करणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण असू शकते. ते कौशल्यही असू शकते. तीन किरकोळ चुकांची कबुली देऊन चौथी, मोठी चूक झाकणारी हस्तलिखिते माझ्या टेबलावरून गेली आहेत. मी पाहतो ती खूण दुसरी आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे संभाषण अवतरणचिन्हांत, शब्दन् शब्द देणारा लेखक ‘त्याचे नेमके शब्द मला आठवत नाहीत’ असे पुस्तकभर एकदा तरी म्हणतो का? फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधील लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुढे वेगवेगळ्या काळाने ती पुन्हा लिहायला सांगितली. दर वेळी कथा लहान होत गेली आणि तिच्यातला अपरिचित भाग वाचणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत गेला. कथेतली ‘कॅनू’ ही होडी साधी ‘बोट’ झाली. त्यांपैकी कोणी मुद्दाम खोटे लिहीत नव्हता. आत्मचरित्रकाराचेही हेच होते, त्याला इलाज नाही. म्हणून तपशिलाची चूक सापडली तर मी फारसा विचलित होत नाही, पण ज्याला सगळेच लख्ख आठवते त्याच्याविषयी मात्र सावध होतो.

आता महाभारतावरच्या लेखसंग्रहाची गोष्ट, जिच्यात तुमचे ललित आणि ललितेतर हे दोन्ही कप्पे एकमेकांत मिसळले आहेत. ‘कादंबरीची मजा नाही’ ही तुलना मराठी वाचक नेहमी करतो आणि तिच्यासाठी १९६७ या एका वर्षाइतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्या वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. कर्ण दोन्हींत आहे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही आपापल्या तोंडाने बोलतात; म्हणजे जे कोणी कधीच ऐकले नाही ते मन आपल्याला आतून ऐकू येते. कर्वे मानवशास्त्रज्ञ होत्या. त्या माणसांकडे बाहेरून, त्यांच्या नात्यांच्या आणि समाजरचनेच्या चौकटीत पाहतात. या दोन पुस्तकांकडे एकच वस्तू मागणे हा दोघांवरही अन्याय आहे.

हे एका वाक्याच्या साहाय्याने दाखवता येते. ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे स्वयंवरातील प्रसिद्ध वाक्य. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने अनेक हस्तलिखित पोथ्या ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि जी १९६६ मध्ये पूर्ण झाली, तिच्या मुख्य संहितेत हे वाक्य नाही; मागाहून आलेला भाग म्हणून ते वगळलेले आहे. आता कर्णावरच्या एखाद्या कादंबरीने या अपमानावर त्याचे सारे आयुष्य उभे केले, तर ती कादंबरी खोटी ठरत नाही. कर्णाच्या मनात ती जखम पानापानांतून जिवंत राहते का, एवढेच तिला विचारायचे. एखाद्या लेखाने मात्र याच वाक्यावरून ‘व्यासांना येथे असे म्हणायचे आहे’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने कोणती संहिता वापरली हे विचारावेच लागते, आणि भाषा कितीही रसाळ असली तरी त्या प्रश्नातून लेखाची सुटका नाही. तुमच्या टिपणातील ‘माहितीपूर्ण’ हा शब्द म्हणूनच मला अपुरा वाटतो. माहिती कोशातही असते. लेखसंग्रहातील लेखकाने त्या माहितीवरून काय म्हटले आणि ते तुम्हाला पटले का, हे तुमच्या टिपणात आलेलेच नाही.

पाचपैकी किती तारे द्यावेत, हाही तुमचा एक प्रश्न आहे. मला तो महत्त्वाचा वाटत नाही. द्यायचेच असतील तर टिपण लिहून झाल्यावर द्यावेत, आधी नव्हे, कारण आकडा एकदा लिहिला की उरलेले टिपण त्या आकड्याची वकिली करू लागते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर मत द्यावे का? जरूर द्यावे, कितव्या पानावर सोडले ते लिहून.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, अभ्यास नसलेल्या वाचकाच्या मताच्या किमतीचा. अभिप्राय लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांची एक अडचण असते: आम्ही दुरुस्तीच्या नजरेने वाचतो, त्यामुळे लक्ष उडाले तरी पुढे वाचत राहतो. पगारच त्याचा असतो. तुमचे लक्ष जेथे उडते तेथे ते खरोखरच उडते, आणि लेखकाला हवी असलेली ती नोंद आमच्याकडून त्याला क्वचित मिळते. मात्र कारण सांगू लागलात की तुम्हीही आमच्याइतकेच चुकू शकता. तुमची तीन पिढ्यांची कादंबरी मी वाचलेली नाही, आणि वर मांडलेला वर्षे-पानांचा तर्क हा अशा दुसऱ्या कादंबऱ्यांवरून केलेला अंदाज आहे. पुस्तक तुमच्याकडे आहे. दोन रकाने आखा, पहिल्या पिढीची वर्षे आणि पाने मोजा, मग दुसरीची, आणि आकडे माझ्या अंदाजाच्या उलटे निघाले तर तसे कळवा. मग त्या प्रकरणांत घरातले कोण बोलत होते आणि कोण बोलायचे थांबले होते, तिकडे आपल्याला पाहावे लागेल.